पोडियमवरची बाग: वर चिखल, खाली गळती

पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटवर पांढरे ओघळ दिसायला लागले की सोसायटीत आधी प्लंबरला बोलावलं जातं. प्लंबर पाइप तपासतो, दोन जोड बदलतो, आणि ओघळ येतच राहतात. हे पाणी पाइपचं नसतं. ते वरच्या बागेतून स्लॅबमध्ये मुरतं, काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली उतरतं आणि गाडीच्या रंगावर वाळतं. रंगावरचे हे डाग नुसत्या पाण्याने जात नाहीत.

पुण्याकडच्या बाणेर, बालेवाडी, वाकड या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी खाली पार्किंग, त्यावर पोडियमचा स्लॅब आणि स्लॅबवर बाग अशी रचना आहे. खालचं प्रकरण कोणा एका सोसायटीचं नाही. अशा बागांत पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती एका नकाशावर मांडली आहे, म्हणजे आकडे आणि क्रम नीट दाखवता येतात.

जागा

बाग पूर्व-पश्चिम १५ मीटर, दक्षिणोत्तर १२ मीटर, म्हणजे १८० चौरस मीटर. पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाला लागून दक्षिणेला बारा मजली, सुमारे ३६ मीटर उंच टॉवर. पूर्वेचा अर्धा भाग दक्षिणेकडून मोकळा. उत्तरेला पोडियमचा कठडा. ताबा देताना बिल्डरने ६० सेंटिमीटर काळी माती भरून दिली होती, मधे ९० सेंटिमीटरचे दोन उंचवटे, त्यावर फायकस आणि रॉयल पाम, बाकी सगळीकडे लॉन. पाच वर्षांनी पश्चिमेकडचं लॉन संपलं होतं आणि त्या जागी शेवाळ होतं. पाम पिवळे पडून कलले होते. फायकस मात्र जोरात होता, आणि त्याची प्रकृती इतकी चांगली का, याचं उत्तर पुढे पाण्याच्या पाइपमध्ये सापडलं.

आधी वजन

सुरुवात झाडांच्या यादीपासून करायची नाही, स्ट्रक्चरल ड्रॉइंगपासून करायची. ताबा घेताना सोसायटीला मिळालेल्या कागदांत ते असायला हवं. नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून लेखी घ्यावं. आपल्या प्रकरणात ड्रॉइंगवर बागेसाठी माणसांचा भार सोडून प्रति चौरस मीटर १००० किलो इतकं वजन धरलेलं आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. विटांच्या तुकड्यांचा १२ सेंटिमीटरचा कोबा आणि त्यावरचा थर मिळून सुमारे २५० किलो. भिजलेली काळी माती घनमीटरला १९०० किलोच्या आसपास जाते. ६० सेंटिमीटरचे झाले ११४०. म्हणजे सपाट भागातच १३९० किलो, आणि उंचवट्यांवर १९५० च्या पुढे. स्लॅब पडत नाही, कारण डिझाइनमध्ये सुरक्षिततेची मोकळीक ठेवलेली असते. पण ती मोकळीक चिखल भरण्यासाठी नसते, हे कमिटीला एकदा आकड्यांत दाखवलं की ‘माती काढायचीच कशाला’ हा प्रश्न संपतो.

काळ्या मातीचा दुसरा दोष वजनाहून त्रासदायक. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात आणि नळीने मारलेलं पाणी भेगांतून थेट तळाला जातं, मुळं कोरडीच. शेतात खाली मुरूम असतो, पाणी पुढे जातं. इथे खाली काँक्रीट.

गळती कुठून

बाग उकरण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, खालून: पार्किंगच्या छताचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक ओल आणि चुन्याचा लोंबता खडा मांडायचा. इथे बहुतेक ओल कडेने होती, मधे दोनच ठिपके. दुसरी, कडेला खड्डा: कठड्यालगत माती काढून वॉटरप्रूफिंग भिंतीवर किती वर चढवलं आहे ते मोजायचं. ते होतं २० सेंटिमीटर आणि माती ६०. म्हणजे मातीतलं पाणी वॉटरप्रूफिंगच्या डोक्यावरून, भिंत आणि थर यांच्या फटीतून, निवांतपणे आत जात होतं. नियम साधा आहे: वॉटरप्रूफिंग मातीच्या तयार पातळीच्या किमान १५ सेंटिमीटर वर संपलं पाहिजे. पोडियमच्या बागा गळण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण, आणि नंतर कोणी तरी ‘थोडी माती अजून टाका’ म्हणतो तेव्हा चांगल्या कामातही ते तयार होतं.

तिसरी, पाणी जाण्याची तोंडं. १८० चौरस मीटरला ७५ मिलिमीटरची दोनच होती आणि दोन्ही मातीखाली गाडलेली, वर झाकण नाही, तपासायची सोय नाही. एकात फायकसची मुळं शेपटासारखी मीटरभर खाली उतरलेली. झाडाला बारमाही ओलावा तिथून मिळत होता.

मधल्या दोन ठिपक्यांचं कारण वेगळं. एक दिव्याच्या खांबाखाली होता, कारण खांबाचे बोल्ट वॉटरप्रूफिंग भेदून स्लॅबमध्ये ठोकले होते. दुसऱ्याच्या वर उघडल्यावर पहारीच्या जाडीचं भोक मिळालं.

उपसणे

फायकस तोडायचा म्हटल्यावर ‘आपल्या आवारातलं आपलं झाड’ हा युक्तिवाद चालत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज, पाहणी, निर्णय यात वेळ जातो, म्हणून तो अर्ज दिवाळीनंतर लगेच टाकावा. पाम उचलून जमिनीवर लावता येतात, त्यालाही परवानगी आधीच घ्यावी.

माती उपसताना होणारी चूक धोकादायक आहे. उंचवटे सोडले तरी १८० चौरस मीटरवरची ६० सेंटिमीटर माती म्हणजे १०८ घनमीटर, जवळजवळ ३८ ब्रास. मजूर ती सोयीसाठी टेम्पोजवळच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवतात. दीड मीटर उंच ढिगाखाली स्लॅबवर चौरस मीटरला पावणेतीन टनांच्या पुढे भार येतो. जितकी काढली तितकी त्याच दिवशी खाली गेली पाहिजे. ढीग गुडघ्याच्या वर नको. जेसीबी पोडियमवर चढवायचा नाही. नवं साहित्य वर आणतानाही हाच हिशेब: सिमेंटची पोती आणि मातीच्या गोण्या पसरून ठेवायच्या, शक्यतो खांबांच्या रांगेवर.

तळाचे थर

जुना कोबा पाणी धरून होता, तो काढला. मग खालपासून वर असं:

उताराचा थर. बागेच्या मधोमध पूर्व-पश्चिम माथा धरून दोन्हीकडे सहा-सहा मीटर, १०० ला १ असा ढाळ. कडेला २५ मिलिमीटर, माथ्यावर ८५, सरासरी ५५. वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो. कोपऱ्यात भिंत आणि स्लॅब जुळतात तिथे काटकोन न ठेवता गोलसर वाटा (सिमेंटची गोलाई) काढायचा, नाहीतर वर येणारा वॉटरप्रूफिंगचा पडदा तिथेच चिरतो.

त्यावर मुळांना रोखणारा चार मिलिमीटरचा एपीपी मेंब्रेन (डांबरी वॉटरप्रूफिंगचा पडदा), टॉर्चने चिकटवलेला, जोडावर १० सेंटिमीटर चढ. भिंतीवर तो तयार मातीच्या १५ सेंटिमीटर वर नेऊन पट्टी आणि सीलंटने बंद. दिव्यांचे खांब मातीत नकोत. ते कठड्यावर घ्यायचे.

मग पाणी भरून चाचणी. तोंडं बंद करून उथळ भागातही २५ मिलिमीटर पाणी राहील इतकं भरायचं आणि ७२ तास ठेवायचं. कंत्राटदार चोवीस तासांत ‘झालं’ म्हणतो. जाड स्लॅबमधून ओल खाली दिसायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पातळी खुणेने मोजावी, पण एप्रिलच्या उन्हात तीन दिवसांत काही सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जातं. म्हणून शेजारी एका घमेल्यात तेवढंच पाणी ठेवून त्याची घट वजा करायची. नाहीतर नसलेली गळती शोधत आठवडा जातो.

चाचणीनंतर ४० मिलिमीटरचा संरक्षक थर, सुमारे ९० किलो. हा वाचवण्याचा मोह होतो. पण पुढची वीस वर्षं माळीकाकांची कुदळ आणि मेंब्रेन यांच्यामध्ये एवढाच अडसर आहे.

थरावर ३० मिलिमीटरचे ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या), त्यावर १५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅमचं, न विणलेलं जिओटेक्स्टाइल (गाळणारं कापड). कापडाचे जोड २० सेंटिमीटर एकमेकांवर, आणि कडेला ते मातीच्या वरपर्यंत उचलायचं. कडेने माती ड्रेन सेलमध्ये घुसली की निचरा गाळाने भरतो आणि तो साफ करायला सगळी बाग पुन्हा उपसावी लागते.

पाण्याची तोंडं चार केली, १०० मिलिमीटरची. ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला तर १८० चौरस मीटरवर ९००० लिटर, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. चार तोंडांत वाटणी केली की प्रत्येकाला साडेसहाशे मिलिलिटरहून कमी. दोन तुंबली तरी बाकीची दोन भार घेतात, आणि ऑगस्टमध्ये एखादं तुंबतंच. प्रत्येक तोंडावर ३० बाय ३० सेंटिमीटरची, भोकं पाडलेली, उचलता येणाऱ्या झाकणाची चेंबर. भोवती १५ सेंटिमीटर रुंद २० मिलिमीटर खडीचा पट्टा. झाकण मातीच्या वर दिसलं पाहिजे. शोभेसाठी त्यावर कुंडी ठेवायची नाही.

माती

भरायचं मिश्रण आकारमानाने: लाल माती ४० टक्के, धुतलेलं कोकोपीट २५, कुजलेलं खत (निम्मं शेणखत, निम्मं गांडूळखत) २०, कोळसलेला भाताचा तूस १५. मावळातल्या भातगिरण्यांकडे तूस मिळतो. तो अर्धवट जाळून काळा करावा, पांढरी राख होऊ देऊ नये. कच्चा तूस टाकला तर कुजताना तो मातीतलं नत्र खातो आणि रोपं महिनाभर पिवळी राहतात. हे मिश्रण पूर्ण भिजल्यावर घनमीटरला १३०० किलो धरावं.

वाफ्यांत ३० सेंटिमीटर, लॉनखाली २०, झाडांच्या पाच चौकोनी आळ्यांत ७५. वाफ्याचं एकूण वजन आलं चौरस मीटरला सुमारे ६१० किलो. आळ्यांत मात्र ते ११९० होतं, हजाराच्या वर. म्हणून पाचही आळी, दीड बाय दीड मीटरची, नेमकी खालच्या खांबांच्या डोक्यावर घेतली आणि इंजिनिअरची लेखी संमती घेतली. बागेत झाड कुठे यावं हे इथे सौंदर्यदृष्टी ठरवत नाही, खालच्या पार्किंगमधला खांब ठरवतो.

खरेदीचा हिशेब: वाफे ८४ चौरस मीटर, लॉन ३०, आळी ११, बाकी ५५ पायवाट आणि बसायची जागा. माती लागते सुमारे ४० घनमीटर. पण मिसळताना आणि बसताना आकार कमी होतो, म्हणून ४६ मागवायची. त्यात लाल माती साडेसहा ब्रास. कोकोपीट साडेअकरा घनमीटर. पाच किलोची वीट भिजून साधारण ७० लिटर होते, म्हणजे १६५ विटा. विटा स्वस्त मिळाल्या तर संशय घ्यावा. न धुतलेल्या कोकोपीटात मीठ असतं आणि त्यावर लावलेल्या रोपांच्या पानांची टोकं जळतात. घरीच करायचं तर भिजवून, पाणी निथळून टाकून, असं दोन-तीनदा करावं.

ऊन

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे ३६ मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला ३२ मीटर जाते. पश्चिमेकडची अख्खी बाग त्यात बुडते. २१ मार्चला तीच सावली बरोबर १२ मीटर. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर, सावली शून्य. म्हणजे पश्चिम भागाला ऑक्टोबर ते मार्च दुपारचं ऊन नाही आणि एप्रिल-मेमध्ये भाजून काढणारं ऊन. फेब्रुवारीत जागा बघून ‘इथे सावलीची झाडं लावू’ म्हणणारा डिझाइनर मेमध्ये करपलेले फर्न आणि मरांटा बघतो. हरळीचं लॉन इथे पाच वर्षांत का संपलं, तेही यातच आहे. तिला रोज पाच-सहा तास ऊन लागतं.

या भागाला दोन्ही टोकं सोसणारी झुडपं हवीत: कुंती, ठेंगणी तगर, अडुळसा, स्पायडर लिली. दोन टॉवरमधून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर केळ किंवा हेलिकोनिया लावू नये, पानांच्या चिंध्या होतात. तिथे निरगुडी चांगली टिकते. पूर्वेच्या मोकळ्या भागात हिवाळ्यातही सकाळी साडेसात ते बारापर्यंत ऊन मिळतं. तिथे लॉनचे ३० चौरस मीटर, जास्वंद, मोगरा, गवती चहा. आळ्यांत तीन चाफे आणि दोन पारिजातक. सभेत कोणी तरी आंबा सुचवतंच. ७५ सेंटिमीटरच्या आळ्यात आंबा लावता येतो, वाढवता येत नाही.

वेडेलिया फुकट मिळाली तरी नको. ती सहा महिन्यांत वाफा भरून टाकते आणि नंतर चेंबरची झाकणंही.

अंतर: झुडपं ६० सेंटिमीटरवर, म्हणजे चौरस मीटरला तीन पुरतात. कंत्राटदार सात-आठ लावतो, कारण बाग सोपवायच्या दिवशी भरलेली दिसली पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात आतली पानं हवेविना गळतात, पिठ्या ढेकूण येतो, आणि निम्मी रोपं उपटावी लागतात.

लागवड

तळाची कामं फेब्रुवारी ते मे, लागवड जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर. वळवाच्या दोन सरींवर विसंबून मेमध्ये लावलेली रोपं मधल्या कोरड्या आठवड्यात जातात. लॉन जुलैत.

पुण्यात बरीच रोपं उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून आणि आंध्रातल्या कडियमहून येतात, आणि ती घट्ट चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला की एक फसवी गोष्ट घडते: पाणी सैल मातीतून निघून जातं, गोळा कोरडाच राहतो. वाफा बोट घातलं तर ओला लागतो आणि रोप मान टाकतं. माळी पाणी वाढवतो, मग भोवतालची मुळं सडतात. उपाय असा: लावण्याआधी गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचा, पिशवी पूर्ण काढायची, बाहेरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटांनी मोकळी करायची, गोल फिरलेली मुळं कापायची, आणि पहिले तीन आठवडे उघडीप असेल तेव्हा खोडापाशी झारीने पाणी द्यायचं. रोप कोमेजलं तर आधी खुरप्याने गोळ्यातच टोचून बघावं.

पाणी

पूर्वी माळी रोज दोन तास नळी धरत असे. मिनिटाला २० लिटरने २४०० लिटर, डिसेंबरातही. नव्या बागेला भर मेमध्ये वाफे आणि आळ्यांना चौरस मीटरला ५ लिटर, लॉनला ६, म्हणजे एकूण ६५५ लिटर लागतात.

ठिबकची १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, दर ३० सेंटिमीटरला ताशी २ लिटरचा ड्रिपर, ओळींत ४० सेंटिमीटर. चौरस मीटरला ताशी सुमारे साडेसोळा लिटर पडतात. ५ लिटरला १८ मिनिटं. ती सकाळी ९ मिनिटं, संध्याकाळी ९ मिनिटं अशी तोडावीत, कारण ३० सेंटिमीटर मातीत एकदम दिलेलं पाणी खाली निघून जातं. गच्चीवरच्या टाकीतून थेट जोड घेतला तर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब येतो आणि जोड निसटतात; एक किलोवर आणणारा रेग्युलेटर हवा. एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) पाणी वापरत असाल तर जाळीच्या फिल्टरऐवजी डिस्क फिल्टर घ्यावा, कारण त्या पाण्यातली बुळबुळ जाळी पटकन बंद करते. आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून पाणी वाहू द्यावं.

पहिलं वर्ष

पहिल्या दोन-चार जोराच्या पावसांत पाइपमधून चहासारखं पाणी येतं. घाबरायचं कारण नाही, खत आणि कोकोपीटचा रंग आहे. महिन्यानंतरही येत राहिलं, किंवा तळाला गाळ बसायला लागला, तर कापडाचा जोड सुटला आहे.

सप्टेंबरपर्यंत माती चार-पाच सेंटिमीटर बसते. भर कंपोस्टची घालावी, मातीची नाही, आणि भिंतीवरची १५ सेंटिमीटरची खूण न ओलांडता. ती खूण रंगाने काढून ठेवलेली बरी.

जुलैत गोगलगायी येतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकणं हे औषधापेक्षा स्वस्त पडतं. ते पाणी वाफ्यात ओतायचं नाही. हौसेने एक्झोरा लावलाच असेल तर त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे लोह मिळत नाही. दुकानदार देतो तो लोहाचा ईडीटीए चिलेट (झाडाला लोह देणारं खत) अशा मातीत फारसा टिकत नाही, ईडीडीएचए मागून घ्यावा.

आणि गणपती. पहारीचं ते भोक मांडवाच्या खुंटीचं होतं. दहा दिवस मांडवाखाली झाकलेलं लॉन पिवळं पडतं ते वेगळंच. म्हणून ५५ चौरस मीटरच्या फरसबंदीत मांडवाची जागा आधीच आखली: चार कोपऱ्यांना ४० सेंटिमीटर चौरस लोखंडी पाट, मधे नळीचा तुकडा उभा वेल्ड केलेला. पाटावर वाळूच्या पोत्यांचं वजन, नळीत मांडवाचा खांब, आणि ताण द्यायच्या दोऱ्या कठड्याला नाही तर त्याच पोत्यांना. डेकोरेटरला हे बुकिंग करतानाच सांगावं लागतं. ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री त्याची माणसं पहार घेऊनच येतात.